मदत हवी आहे: मॉडेल एस प्लेडसाठी हिवाळी टायर (म्युनिक)

गाडी टेस्ला मॉडेल एस प्लेड, १९ इंची चाकं, टायरचं माप पुढे २५५/४५, मागे २८५/४०. रिकामी गाडीच सव्वादोन टनांच्या आसपास, त्यामुळे पुढे १०४ (म्हणजे टायरमागे ९०० किलो) आणि मागे १०७ पेक्षा कमी भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मला नकोच. एका दुकानात कमी भारांकाचे स्वस्तात देत होते, सरळ नाही म्हटलं. ऑल-सीझनही नकोत, जानेवारीत ऑस्ट्रियातले घाट चढायचे असतात आणि तिथे हिवाळी टायरच्या नक्षीला किमान ४ मिमी खोली लागते. डोंगर-हिमकणाचं चिन्ह (टायर बर्फासाठी तपासलेला असल्याची खूण) हवंच, वेग-श्रेणी व्ही (ताशी २४० किमीपर्यंत) पुरे.

खरा वापर मात्र ऑटोबानवर (जर्मनीतला द्रुतगती महामार्ग), ओल्या रस्त्यावर, ३-४ अंशांत. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे, त्यामुळे अदलाबदल करता येत नाही आणि मागची जोडी लवकर झिजते, हीच मोठी काळजी आहे.

मिशेलिन पायलट अल्पिन ५ आणि पिरेली पी झीरो विंटर २ यांत अडकलोय. चाचण्या बऱ्याच वाचल्या, पण त्या बहुतेक हलक्या पेट्रोल गाड्यांवरच्या. एवढ्या जड इलेक्ट्रिक गाडीवर यांपैकी कुणी वापरलाय का? ओल्यात ब्रेक कसा लागतो, आणि मागचे टायर किती किलोमीटरला ४ मिमीवर आले?