शरदातले व्हेनिस : चढत्या पाण्याचे अनुभव (अनुभव धागा)

भाची नोव्हेंबरात व्हेनिसला निघाली आहे. "तिथे खरेच रस्त्यांत पाणी भरते का?" असे तिने काल फोनवर विचारले आणि २०२० च्या आधीची, समुद्राचे पाणी अडवणारे दरवाजे सुरू होण्यापूर्वीची, एक पहाट लख्ख आठवली. अंधारातच भोंगा वाजला आणि त्यामागून चढत्या पट्टीतले दोन सूर आले. घरमालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याचा अर्थ समजावला : एक सूर म्हणजे पाणी ११० सेंटीमीटरपर्यंत येणार, दोन म्हणजे १२०, तीन म्हणजे १३० आणि चार म्हणजे १४० किंवा त्याहून वर. सूर ऐकताच बाई खाली उतरल्या, दाराच्या चौकटीतल्या खाचेत त्यांनी धातूची आडवी पट्टी सरकवली, तिच्या कडेच्या रबरावरून बोट फिरवून फट राहिली नाही ना हे पाहिले, आणि मग शांतपणे कॉफी ठेवली. त्या शहराविषयीचा माझा आदर त्या सकाळपासूनचा आहे. ज्यांनी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळातले व्हेनिस पाहिले आहे, त्यांनी आपले अनुभव इथे जरूर लिहावेत.

---

भाचीला एक गोष्ट आधी सांगा. हे आकडे रस्त्यावरच्या पाण्याची खोली दाखवत नाहीत. शहरातल्या पुंता देल्ला सालूते या टोकावरच्या मापकावर १८९७ मध्ये ठरवलेल्या शून्यापासून ते मोजले जातात. त्यामुळे ११० ऐकून कोणी कंबरभर पाण्याची कल्पना करू नये. जिथे पाणी येते तिथेही ते बहुधा घोट्यापर्यंतच असते, आणि शहराचा बराचसा भाग तर कोरडाच राहतो. सान मार्को हा शहराचा मुख्य चौक मात्र फार सखल असून तिथे ८० च्या आसपासच पाणी फरशीच्या जाळ्यांतून वर येऊ लागते. मी ते पाहिले आहे. लाट नसते, आवाजही नसतो. जाळीभोवती आधी बशीएवढे ओले वर्तुळ दिसते आणि थोड्याच वेळात शेजारची दोन वर्तुळे एकमेकांना मिळतात.

---

वरील प्रतिसादाला जोडून कारणही लिहितो, कारण शरदातच हे का घडते असे अनेक जण विचारतात. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण एरवीही येते, पण या दिवसांत कमी दाबाचे पट्टे येतात आणि आग्नेयेकडून सिरोक्को वारा सुटतो. एड्रियाटिक समुद्र लांबट आणि चिंचोळा असल्यामुळे हा वारा पाणी उत्तरेच्या टोकाकडे रेटत नेतो, आणि त्या टोकाला व्हेनिसचे लगून, म्हणजे शहराभोवतीचे उथळ खारे सरोवर, आहे. उधाण, कमी दाब आणि वारा हे एकत्र आले की पाणी फार चढते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटीमीटरवर गेले होते, आणि १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री ते १८७ वर पोहोचले.

आता परिस्थिती बरीच बदलली आहे. लगून समुद्राला मिळते त्या लीदो, मालामोक्को आणि किओज्जा या तीन मुखांशी समुद्रतळावर ७८ पोकळ दरवाजे बसवलेले आहेत. हवा भरली की ते वर उचलले जातात आणि समुद्र बाहेरच अडतो. खऱ्या भरतीत त्यांचा पहिला वापर ३ ऑक्टोबर २०२० रोजी झाला. मात्र बंदराची वाहतूक आणि लगूनमधल्या पाण्याची अदलाबदल चालू राहावी म्हणून ते प्रत्येक लहान भरतीला उचलले जात नाहीत. साधारणपणे ११० चा अंदाज असेल तेव्हाच उचलतात. म्हणजे ९० किंवा १०० च्या भरतीला सखल भागात पाणी आजही येते.

---

२०१९ च्या त्या आठवड्यात मी तिथे होते. पाणी ओसरल्यावर दुकानांसमोर भिजलेल्या गाद्या, पुस्तके, शीतकपाटे यांचे ढीग लागले होते. एक वृद्ध दुकानदार भिजलेल्या पुस्तकांचे एकेक पान सुटे करून त्यांत टीपकागद घालत बसले होते आणि अनोळखी तरुण मुले त्यांच्या शेजारी बसून तेच काम करत होती. त्याविषयी आजही फार बोलवत नाही.

---

ताई, तुमचे दुःख समजू शकतो. मी जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करतो, म्हणून भिंतींविषयी लिहितो. तिथल्या घरांच्या पायथ्याशी इस्त्रियाहून आणलेला पांढरा दगड असतो. त्यातून ओल सहजी वर चढत नाही, आणि वीट त्याच्या वर सुरू होते. समुद्राची पातळी वाढल्यामुळे आणि जमीन खचल्यामुळे पाणी आता त्या दगडाच्याही वर विटांना भिडते. वीट खारे पाणी शोषते, वाळताना आत मिठाचे स्फटिक धरतात आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. एका लहान कालव्याकाठी विटेवर बोट टेकवले तर लाल भुकटी आणि पांढरे मीठ दोन्ही हाताला लागले. पर्यटकांनी राजवाड्यांचे दर्शनी भाग पाहावेतच, पण पाण्यापासून हातभर उंचीचा हा पट्टाही अवश्य पाहावा. शहराचे खरे दुखणे तिथे आहे.

---

सासूबाईंना घेऊन गेलो होतो, म्हणून फळ्यांच्या मार्गाबद्दल लिहिते. लोखंडी घोड्यांवर (आधाराच्या चौकटींवर) लाकडी फळ्या टाकून मुख्य वाटांवर हे उंच मार्ग उभारतात, आणि ऐन हंगामात ते घोडे आधीच रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेले दिसतात. दोन माणसे जेमतेम शेजारून जातील एवढीच रुंदी असते, त्यामुळे छायाचित्र काढायला मध्येच थांबू नये. मागची सगळी रांग खोळंबते. पाणी १२० च्या वर गेले की फळ्या तरंगू लागतात, म्हणून तेव्हा त्यांचा भरवसा धरता येत नाही. काही बोटींचे मार्गही भरतीच्या वेळी बदलतात, कारण पुलाखालून जायला उंची उरत नाही. वयस्कर माणसे सोबत असतील तर भरतीचे ते तीन-चार तास घरातच काढावेत; ओहोटी लागली की पाणी आपसूक उतरते.

---

सर्वांचे आभार. भाची २१ नोव्हेंबरपर्यंत तिथे आहे. त्या दिवशी काही उत्सव असतो असे अंधूक आठवते. कोणाला माहीत आहे का?

---

तो सालूतेचा दिवस. त्या दिवशी तिने दुसरा कुठलाही बेत ठेवू नये असे मी आग्रहाने सांगेन. १६३०-३१ च्या प्लेगमध्ये शहराने अतोनात माणसे गमावली. साथ टळली तर देवमाता मरियेचे मंदिर बांधू असा नवस तिथल्या शासनाने केला होता आणि त्यातून सांता मारिया देल्ला सालूते हे बाल्दास्सारे लोंगेना याने रचलेले चर्च उभे राहिले. आजही त्या दिवसांपुरता मोठ्या कालव्यावर तात्पुरता पूल टाकतात आणि लोक त्यावरून चालत जाऊन मेणबत्ती वाहतात. माझ्यापुढे एक आजोबा नातवाचा हात धरून चालले होते. मेणबत्ती वेदीजवळच्या सेवकाच्या हाती देईपर्यंत त्यांनी मुलाला ती स्वतः धरू दिली आणि वाटेत एकदाही घाई केली नाही. घरोघरी कास्त्रादीना नावाचे खारवलेल्या मटणाचे आणि कोबीचे सूप शिजते. पर्यटकांसाठी मांडलेले काहीच नसते, आणि म्हणूनच तो दिवस मला इतर सर्व दिवसांपेक्षा मोलाचा वाटतो.

---

पाण्याचाच विषय निघाला आहे, तर चौकाचौकांतल्या कोरीव दगडी विहिरींकडेही लक्ष द्यावे. त्या झऱ्याच्या विहिरी नव्हेत. चौकाखाली खड्डा खणून त्याला चिकणमातीचे अस्तर देत, त्यात वाळू भरत आणि मधोमध विटांची नळीसारखी विहीर बांधत. फरशीतल्या छिद्रांतून पावसाचे पाणी वाळूत उतरे आणि गाळून त्या विहिरीत साठे. चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या शहराने शेकडो वर्षे मुख्यतः पावसावर तहान भागवली. नळाचे पाणी आले ते १८८४ मध्ये. खाऱ्या भरतीचे पाणी साठ्यात शिरू नये म्हणून काही चौकांत विहिरीचा ओटा मुद्दाम उंच केलेला आहे. तिथे पायऱ्या चढून जावे लागते.

---

खाण्याची आवड असेल तर मोएके विचारावेत. कात टाकल्यावर कवच मऊ असतानाच पकडलेले हे लगूनमधले लहान खेकडे वसंतात आणि शरदात थोडेच दिवस मिळतात. कोणता खेकडा कात टाकणार हे कोळी एकेक उचलून नजरेने ओळखतात, त्यामुळे ते महाग असतात आणि ती किंमत मला रास्त वाटते.

सामानाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो : चाकांची मोठी बॅग नेऊ नये. जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. राहण्याची जागा बोटीच्या थांब्याजवळ असावी आणि वाटेत किती पूल लागतात हे मालकांना आधीच विचारून घ्यावे. गमबूट इथून नेण्याची गरज नाही. ते तिथे सहज विकत मिळतात.