स्पेक मियाटा: गाड्या सारख्या म्हणता, मग शर्यत पैशावर का ठरते?

सहावं वळण
कॅलिफोर्नियात तिसरं वर्ष चाललंय माझं स्पेक मियाटात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही शर्यतींची एक श्रेणी आहे, माझदाची जुनी दोन सीटची मियाटा, १९९० ते २००५ मधल्या गाड्या, सगळ्यांना स्प्रिंग-शॉक ठरवून दिलेले, टायर ठरलेला, ड्रायव्हरसकट किमान वजन ठरलेलं, कल्पना अशी की गाडी सारखी, फरक फक्त माणसाचा. आता लगुना सेका ट्रॅकला सहाव्या वळणातून बाहेर पडलं की कॉर्कस्क्रू नावाच्या वळणापर्यंत सरळ चढ आहे. तिथे माझा आणि पुढच्या गाडीचा डेटा लावून बघितला, दोघांची गाडी १९९९ ची, बाहेर पडतानाचा वेग जवळपास सारखा, आणि चढ संपेपर्यंत तो दोन गाड्यांच्या लांबीइतका आणखी पुढे. त्याचं इंजिन नावाजलेल्या बिल्डरकडून आणलेलं, माझं भंगारातल्या गाडीतून काढलेलं. नियमात दोन्ही बसतात. मग हे सारखं कसं? माझं स्पष्ट मत आहे की इंजिनं सील करून चिठ्ठी टाकून वाटली पाहिजेत.

जुना रेसर, ओहायो
वेग "जवळपास" सारखा म्हणजे किती? वळणातून बाहेर ताशी दोन मैल कमी असलास तर तो फरक चढभर तुझ्यासोबत राहतो, वर जाईपर्यंत तेवढ्याच दोन गाड्या होतात. थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पूर्ण कुठे दाबला ते बघितलंस का? मी पण पाच वर्षं इंजिनालाच दोष द्यायचो. मग एका जोरात चालवणाऱ्या मित्राला माझ्याच गाडीत बसवलं, तेच टायर, तेच इंजिन, टाकीत थोडं पेट्रोल जास्तच, आणि तो एका फेरीत माझ्यापेक्षा दीड सेकंद फास्ट गेला. त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं पण गाडीत काही खोट नव्हती.

सहावं वळण
दीड सेकंद तुमचा, मान्य. पण पुढच्या दहा जणांत सगळे चांगलंच चालवतात, तिथे दोन-तीन दशांशावर निकाल लागतो आणि ते दशांश विकत मिळतात. २०१४ ला लगुना सेकालाच राष्ट्रीय स्पर्धेत पुढे आलेल्या कितीतरी गाड्या इंजिनाच्या हेडवरून (वरच्या भागावरून) तपासणीत बाद झाल्या, ते काय सगळे ड्रायव्हिंग शिकायला आले होते?

कॉर्नर वेट
इंजिनाचं पटतंय, पण सेटअपला त्याच पोत्यात घालू नका. कँबर (चाकाचा उभा कल), टो (चाकं किती आत-बाहेर वळलेली), राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची), टायरचं प्रेशर हे सगळं नियमाने मोकळं ठेवलंय कारण ते शिकता येतं. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे, स्वतः सीटवर बसायचं, तिरप्या दोन चाकांवरचा भार एकूण वजनाच्या निम्म्याच्या आसपास येईपर्यंत स्प्रिंगचे पर्च (वरखाली होणारे आधार) फिरवायचे. काटे पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकवर गाड्या उभ्या करतो तिथे, मागितले की मिळतात. माझी गाडी डावीकडे छान वळायची आणि उजवीकडे पुढची चाकं घसरायची, वर्षभर मी स्टिअरिंगशी भांडत होतो, एका शनिवारी काट्यावर चढवली आणि रविवारी गाडी वेगळीच. पैसा शून्य लागला. याला अन्याय म्हणणं मला खरंच पटत नाही, गाडी काय सांगतेय ते कळणं हा ड्रायव्हरचाच गुण आहे.

पुण्याचा कार्टवाला
भारतातून बोलतोय. आमच्याकडे २०१० ला फोक्सवॅगनचा पोलो कप आला तेव्हा गाड्या कंपनीच्याच, देखभाल त्यांचीच, तुम्ही हेल्मेट घेऊन जायचं. रोटॅक्स कार्टिंगच्या जागतिक फायनलला तर चासी (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन सोडतीने मिळतं. हरलो तर बोट दाखवायला जागाच राहत नाही. सहावं वळण म्हणतोय ते जमण्यासारखं आहे.

कॉर्नर वेट
जमतं, पण गाडी आयोजकांची असेल तेव्हा. इथे प्रत्येकाची गाडी स्वतःच्या गॅरेजमधली, स्वतःच्या हाताने उघडलेली. तो हात काढून घेतलात तर निम्मे लोक येणार नाहीत, मी तर नाहीच. आणि सोडतीने सगळं सारखं होतं असंही नाही. वजनाचंच बघा, किमान वजन ड्रायव्हरसकट आहे, ६० किलोचा माणूस कमी पडणारं वजन शिशाच्या रूपात खाली फ्लोअरला बोल्ट करतो, ९५ किलोच्या माणसाचं तेच वजन सीटवर उंच बसतं. त्याची सोडत कशी काढणार?

जुना रेसर, ओहायो
मी ९५ वाला आहे, हे वळणावळणाला जाणवतं. तरी इंजिनाच्या बाबतीत आता मी सहावं वळणच्या बाजूला थोडा सरकलोय. सोडत नको, पण इथल्या मातीच्या ट्रॅकवर एक जुना नियम असतो, शर्यत झाली की ठरलेल्या रकमेत समोरच्याचं इंजिन कोणीही विकत मागू शकतो आणि त्याला द्यावंच लागतं. मग महागडं इंजिन बसवायला हात धजत नाही.

सहावं वळण
हा नियम मला चालेल, उद्यापासून चालेल. आणि दादा, तुमचं पहिलं पण मनावर घेतलंय. पुढच्या वेळी थंडरहिल ट्रॅकला आमच्यातल्या सगळ्यात फास्ट पोराला माझ्या गाडीत वीस मिनिटं बसवतो, टायर तेच ठेवून. तो पण सरळ रस्त्याला मागेच पडला तर डेटा इथे टाकतो, मग इंजिनाचं बोलू. नाही पडला तर तोही टाकतो.

कॉर्नर वेट
आधी काट्यावर चढव. मी शुक्रवारी दुपारीच पोचतोय, काटे घेऊन.