टॅबची बॅटरी जास्त वर्षं कशी टिकवाल? (अनुभव धागा)

मोगऱ्याची_वेल
२०२० मध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले टॅब आता कपाटातून बाहेर निघताहेत. कुणाला आजोबांच्या कीर्तनासाठी हवेत, कुणाला ओट्यावर रेसिपी बघायला. काचेवर ओरखडा नाही, पण तासाभरात चार्ज उतरतो. म्हणून हा धागा. सुरुवात मी करते. बॅटरी खराब होते ती मुख्यतः उष्णतेने आणि सतत १०० टक्के भरलेली राहिल्याने. रात्रभर गादीवर चार्जिंगला लावला की दोन्ही एकदम. जाड कव्हर काढून, कडक पृष्ठभागावर ठेवून चार्ज करा आणि शक्यतो २० ते ८० च्या मधे ठेवा.

दुरुस्तीचं_टेबल
ताई, ८० का ते सांगतो. सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टला जातो, बऱ्याच नव्या टॅबमध्ये ४.३५ च्याही वर. व्होल्टेज जितकं चढं, तितकी आतली रासायनिक झीज जास्त, टॅब नुसता पडून असला तरी. पण सारखं उठून प्लग काढायची गरज नाही, सेटिंग असते. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज > बॅटरी > बॅटरी प्रोटेक्शन, त्यात मॅक्सिमम निवडा, ८० ला थांबतं. जुन्या व्हर्जनमध्ये हेच ८५ ला थांबायचं. आयपॅडमध्ये ही मर्यादा २०२४ चे एम४ चिपचे प्रो, एम२ चिपचे एअर आणि ए१७ प्रो चिपचे मिनी यांच्यापासून आली, आधीच्यांत नाही. आधीचा टॅब भिंतीवर कायम लावून ठेवला असेल तर टायमरचा प्लग घ्या आणि दिवसातून तास-दोन तासच चालू ठेवा.

वऱ्हाडी_ऊन
आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५. अ‍ॅपल तर आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच वापरा म्हणतं. त्यामुळे उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे. गाडीच्या डॅशबोर्डवर टॅब नकोच. तापलेला टॅब फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं. बंद करून पंख्याखाली ठेवा, निवेल.

पोळपाट_लाटणं
पोळ्या चालू आहेत, थोडक्यात लिहिते. टॅबचा स्टँड शेगडीपासून लांब!! वाफ आणि धग दोन्ही लागते. बाकी नंतर.

सांजवात
एका चार्जवर जास्त वेळ चालवायचा असेल तर आधी ब्राइटनेस उतरवा, सगळ्यात जास्त खाते ती स्क्रीनच. डार्क मोडचा फायदा अमोलेड पडद्यावर, कारण तिथे काळा ठिपका खरंच विझतो. स्वस्त टॅबच्या एलसीडीत मागचा दिवा चालूच राहतो, तिथे फारसा फरक पडत नाही. रेंज कमी असलेल्या खोलीत सिम चालू ठेवलं तर मोडेम जोर लावत बसतो. आजोबांसाठी कीर्तनं वायफायवर डाउनलोड करून द्या आणि विमान मोड लावा.

आजोळ
३० टक्क्यांवरून एकदम बंद पडतो. बॅटरी गेली का?

दुरुस्तीचं_टेबल
@आजोळ, लगेच बदलू नका. कधी कधी फक्त टक्क्यांचा हिशेब चुकलेला असतो. एकदा बंद पडेपर्यंत वापरा, मग मधे न काढता १०० पर्यंत भरा. हे एकदाच, रोज नाही. तरीही व्हिडिओ किंवा कॅमेरा लावताच बंद पडला, तर सेलचा अंतर्गत रोध वाढलाय, लोड आला की व्होल्टेज कोसळतं. मग बॅटरी बदलायचीच.

मोगऱ्याची_वेल
आणि फोनचा जुना चार्जर चालेल का, हे बरेच जण विचारतात.

दुरुस्तीचं_टेबल
चालतो, वेळ लागतो. समजा टॅबच्या बॅटरीवर ७०४० एमएएच लिहिलंय, तर ७०४० एमएएच गुणिले ३.८५ व्होल्ट म्हणजे साधारण २७ वॅट-तास. ५ वॅटच्या चार्जरवर सहा तास सहज. उलट हळू भरताना तापतो कमी. फक्त स्क्रीन चालू ठेवू नका, नाहीतर टक्का जागचा हलत नाही.

कपाटातला_कप्पा
वापरायचा नसेल तर साधारण ५० टक्क्यांवर पूर्ण बंद करून ठेवा, दर सहा महिन्यांनी बघून पुन्हा ५० वर आणा. शून्यावर ठेवलेला टॅब महिन्यांनंतर काढला की मेल्यासारखा वाटतो. चार्जरवर तासभर लावून मगच ठरवा.

सांजवात
पडदा कडेने उचललेला दिसला तर? शेजारच्या काकूंच्या टॅबचा तसा झालाय.

दुरुस्तीचं_टेबल
बॅटरी फुगलीय. आजच बंद करायला सांगा, चार्जिंगला अजिबात लावायचा नाही. पडदा दाबून बसवू नका, टोचू नका, आग लागते. कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा सर्व्हिस सेंटरला द्या. तोवर ओढणी-पडद्यांपासून दूर, स्टीलच्या डब्यात, झाकण सैल ठेवून.

सांजवात
आत्ताच सांगून येते त्यांना.

पोळपाट_लाटणं
झाल्या पोळ्या. चार्जिंगची पिन सैल बसत असेल तर आधी भोकातला कापूस काढा. टॅब बंद करून लाकडी टूथपिकने, सुईने नाही.