धरणातल्या नावेला कुठलं मशीन घ्यावं: यामाहा, सुझुकी, होंडा की लाँगटेल?

कुहीकाठ:
आमच्या मच्छीमार संस्थेला गोसीखुर्दच्या पाण्यात चालणाऱ्या दोन नावांसाठी आऊटबोर्ड मशीन, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन, घ्यायचं आहे. सभेत नुसता गलका झाला. कोणी सुझुकी म्हणतं, कोणी होंडा, एकाने मोबाइलवर अर्ध्या किमतीच्या चिनी मशीनचा फोटो फिरवला. मी तिथे जे बोललो तेच इथे मांडतो. आपल्याकडे यामाहाचं एंड्युरो मालिकेतलं दोन-स्ट्रोक (ऑइल पेट्रोलातच मिसळायचं, असं साधं इंजिन), 15 हॉर्सपॉवरचं मशीन घ्यावं, दुसरीकडे पाहू नये.

धरण भरल्यापासून आंभोऱ्याच्या आसपास पाणी इतकं पसरलं आहे की वारा सुटला की वल्ह्यावर नाव जागची हलत नाही. पहाटे जाळी उपसायची, मासळी बर्फात घालायची आणि लिलावाच्या आत नागपूरच्या भोईपुऱ्यात मासळी बाजारात पोचवायची. उशीर झाला की रोहू-कतल्याचा भाव पडलाच म्हणून समजा. अशा वेळी मशीन पाण्यात बंद पडलं तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. आणि दोन-स्ट्रोकमध्ये बंद पडायला असतं काय? व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, खाली ऑइलची टाकी नाही. प्लग, कार्बोरेटर, रीड, एवढ्यावर खेळ आहे. ज्याने हयातभर राजदूत आणि आरएक्स 100 उघडल्या असा मिस्त्री उमरेडला काय, कुहीला काय, आजही सापडतो. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार हीच मशीनं वापरतात ते उगाच नाही.

मत्स्य संपदा योजनेतून सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना 60 टक्के अनुदान मिळतं हे खरं. पण बाकीचा पैसा सभासदांच्या घामाचा आहे. फोर-स्ट्रोकवाल्यांनी, म्हणजे ऑइल वेगळं ठेवणारं इंजिन सुचवणाऱ्यांनी, मला एवढंच सांगावं, नागपुरात त्याचा सेन्सर कोण बदलून देणार?

रत्नागिरीकर, सध्या मु. पो. नागपूर:
भाऊ, तुमची कळकळ समजते, पण हिशेब अर्धाच मांडलात. 15 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला तासाला 5-6 लिटर पेट्रोल पितं. तेवढ्याच ताकदीचं जुन्या धाटणीचं दोन-स्ट्रोक 7 लिटरच्या आसपास, शिवाय 50 ला 1 या प्रमाणात दर लिटरमागे 20 मिली ऑइल वेगळं. पेट्रोल शंभरीच्या पुढे आहे. रोज दोन तास मशीन चालवणाऱ्या नावेला फोर-स्ट्रोकच्या जादा किमतीचा फरक दोन-तीन हंगामांतच भरून निघतो.

सेन्सरची भीती तर अगदीच वाढवून सांगितली जाते. सुझुकीच्या 15 आणि 20 हॉर्सपॉवरच्या मशीनला इंधन इंजेक्शन आहे, पण बॅटरी लागत नाही. दोरी ओढली की फ्लायव्हीलच वीज देतं. तोहात्सूनेही हेच तंत्र आणलं. मर्क्युरीची कित्येक छोटी मशीनं तर वर्षानुवर्षं जपानमध्ये तोहात्सूच्याच कारखान्यात बनत आली आहेत, तेव्हा त्या दोन कंपन्यांवरून भांडण्यात अर्थ नाही. आमच्या कोकणात खाऱ्या पाण्याने मशीन सडतं, रोज गोड्या पाण्याने धुवावं लागतं. तुम्हाला ती कटकटच नाही. गोड्या पाण्यात चांगलं फोर-स्ट्रोक नीट सांभाळलं तर खूप वर्षं जातं.

कुहीकाठ:
तुमच्याकडे बंदरावर मशीन नावेवरच राहतं. इथे रात्री मशीन नावेवर सोडलं तर सकाळी फळी तेवढी उरते. आमचा माणूस ते रोज सोडवून मोटारसायकलच्या कॅरिअरला आडवं बांधून घरी नेतो. फोर-स्ट्रोक सांगितलेल्या बाजूवरच आडवं ठेवावं लागतं. उलट बाजूने पडलं की ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळी दोरी ओढून हात निघतो. पहाटेच्या अंधारात चार जण चार तऱ्हेने मशीन उचलतात, कोण लक्षात ठेवणार कुठली बाजू? वजन म्हणाल तर तेही फोर-स्ट्रोकचंच जास्त, 44 ते 52 किलो.

मिस्त्री, कॉटन मार्केट:
दोघेही कंपनीवरून भांडताय आणि मूळ प्रश्न बाजूला राहिलाय. नाव किती लांब? तुमच्याकडची लाकडी नाव साधारण 20 फुटी, सपाट बुडाची, जाळी आणि मासळी मिळून भरपूर बसलेली. ही नाव पाण्यावर उचलली जात नाही, ती पाणी कापत जाते. अशा नावेचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. 20 फुटांना तो तासाला 11 किलोमीटरच्या आसपास येतो. त्यापुढे कितीही ताकद लावा, पेट्रोल जळतं, मागे लाट उठते, नाव मात्र तेवढीच जाते. वारा आणि ओझं धरूनही 8 ते 10 हॉर्सपॉवर पुरे. 15 घेणं म्हणजे बैलगाडीला ट्रकचं इंजिन जोडणं.

खरा फरक पंख्यात पडतो. कंपनी जो पंखा लावून देते तो हलक्या, वेगवान फायबर बोटीच्या हिशेबाचा असतो. भरलेल्या नावेला कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत कमी अंतर कापणारा, पंखा हवा, नाहीतर इंजिन कुंथत राहतं. यामाहाने संथ, जड बोटींसाठी वेगळ्या गिअरचं, 9.9 हॉर्सपॉवरचं टी 9.9 याच कारणाने काढलं. मग शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा. 15 इंची आणि 20 इंची, या दोन मापांत बहुतेक मशीनं येतात. मागच्या फळीची उंची मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. पंख्याच्या वरची आडवी पट्टी नावेच्या बुडापेक्षा इंचभर खाली बसली पाहिजे. वर राहिली तर पंखा हवा खातो, फार खाली गेली तर नाव ओढत नाही.

माझ्याकडे धरणावरून येणाऱ्या मशीनींची दुखणी सांगतो, कंपनी कुठलीही असो. एक, बुडालेल्या झाडांचे खुंट. ज्या मशीनला शेअर पिन असते तिथे पंखा खुंटावर आदळला की ती पिन तुटायची असते, म्हणजे गिअर वाचतो. लोक पिनऐवजी खिळा ठोकतात. खिळा तुटत नाही, मग गिअर तुटतो. दुसरं, जाळ्याचा नायलॉन धागा. तो पंख्याच्या मागे शाफ्टला गुंडाळला जातो, आत सरकत सरकत ऑइल सील कापतो. बाहेरून काही दिसत नाही. खालचा स्क्रू उघडला की काळपट गिअर ऑइलऐवजी दुधाळ पाणी येतं, तेव्हा कळतं. पंधरा दिवसांनी पंखा काढून शाफ्टचा धागा सोडवला तर हे होत नाही. मी उघडलेल्या मशीनींत सेन्सर गेलेलं क्वचितच दिसलं, दुधाळ ऑइल दर हंगामात दिसतं.

पवनीचा डोंगेवाला:
अरे बाप्पा, एवढे पैसे पान्यात घालता काहून? आमी लाँगटेल बसवलं हाये. वर होंडाचं जीएक्स 160, जे पानी उपसाच्या पंपावर असते तेच, खाली लांब दांडा अन् टोकाले पंखा. हे इंजिन हवेवर थंड होते. पानी ओढाची भानगड नाई, म्हनून जलकुंभीची मुळं फसून इंजिन तापत नाई. समोर खुंट दिसला की दांडा वर उचलाचा, पुढं गेल्यावर खाली सोडाचा. अन् बिघडलं तर गावातला पंपवाला दुरुस्त करते. त्याले ना मुंबई पाह्यजे ना चेन्नई. उन्हाळ्यात पानी उतरते, गाळ उघडा पडते, तवा तुमची 20 इंची मोटार चिखलात रुतून बसन. आमचा डोंगा तवाही चालते.

रत्नागिरीकर, सध्या मु. पो. नागपूर:
उथळ पाण्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण बहुतेक लाँगटेलला न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही. जाळ्याच्या बोयाजवळ नाव जागेवर धरायची असेल तर इंजिनच बंद करावं लागतं. आणि तो उघडा फिरणारा पंखा, दांडा वळवताना शेजारच्या नावेतल्या माणसाच्या पोटरीच्या उंचीवर येतो. जाळं ओढणारी पोरं काठावर वाकलेली असतात. हे मला अजिबात पटत नाही.

पवनीचा डोंगेवाला:
चालवनारा शिकला पाह्यजे, बस. आमच्याकडं नवीन पोराले आधी रिकाम्या डोंग्यात शिकवते, मंग जाळ्यावर नेते. अन् न्यूट्रल असलेल्या मशीनमंदी काय पंखा लागत नाई का?

मानेवाडा रोड:
मी मासेमार नाही, पण याच पाण्याच्या काठची आहे म्हणून लिहिते. कार्बोरेटरच्या दोन-स्ट्रोकमधून जवळपास पाव हिस्सा पेट्रोल न जळताच एक्झॉस्टमधून पाण्यात जातं, ऑइलसकट. अमेरिकेत लेक टाहोवर 1999 पासून अशी मशीनं बंद केली ती याच कारणासाठी. धरणाच्या पाण्यावर मासे वाढतात, तुमचंच बीज त्यात सोडलेलं असतं. मग त्याच पाण्यावर तेलाचा तवंग का?

कुहीकाठ:
ताई, राग नका मानू. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं, तेच आमच्या धरणात साचतं. त्याने मासळीला वास येतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं. सगळ्या शहराची घाण आम्ही झेलायची आणि दोन नावांच्या मशीनचा हिशेब आधी आम्हीच द्यायचा, हे मला मान्य नाही.

मानेवाडा रोड:
नाग नदीबद्दल तुम्ही रस्त्यावर उतरलात तर मी तुमच्या पुढे असेन. पण शहराने पाणी घाण केलं म्हणून आपणही त्यात भर घालावी, हे कसं?

उमरेड डेपो:
पेट्रोलचा विषय निघाला आणि इथेनॉलचं कोणीच बोललं नाही. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बहुतेक आऊटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात नाव वर ओढून ठेवता, टाकी अर्धी भरलेली तशीच. त्यात पाणी धरून इथेनॉल तळाला बसतं. दोन-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलात मिसळलेलं असतं, ते वरच्या थरातच राहतं. म्हणजे दोरी ओढल्यावर तळातून जे आत जातं त्यात वंगणच नाही. पिस्टन धरतो तो असा. फोर-स्ट्रोकला कार्बोरेटर चोंदण्याचा त्रास होईल, पण वंगण वेगळं असल्याने इंजिन बसणार नाही. माझं मत यामुळे फोर-स्ट्रोककडे जातं, कंपनी कुठलीही असो.

मिस्त्री, कॉटन मार्केट:
बरोबर. यावर उपाय बिनखर्चाचा आहे. हंगाम संपताना टाकीची नळी काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून उरलंसुरलं काढायचं, टाकी रिकामी करायची. रोजच्या वापरातलं पेट्रोल दोन-तीन आठवड्यांपेक्षा जुनं ठेवू नका. मशीन सुरू झाल्यावर मागून पाण्याची धार पडते ना, तिच्याकडे रोज बघा. धार बारीक झाली की आतला पाणी ओढणारा रबरी इम्पेलर गेला किंवा पाणी घ्यायच्या जाळीत कचरा अडकला. तसंच चालवत राहिलात तर कुठलीच कंपनी वाचवणार नाही.

कुहीकाठ:
9.9 वर येऊ, मिस्त्रींचं म्हणणं सभेत मांडतो. पंखा आणि शाफ्टचं मापही मोजून घेतो. कंपनीबाबत मी आहे तिथेच आहे. पाण्यावर बंद पडलेलं मशीन काठावर उघडता आलं पाहिजे, हे ज्याला पोट भरायचंय त्यालाच कळतं.

रत्नागिरीकर, सध्या मु. पो. नागपूर:
मग एक करा. कोटेशन मागवताना प्रत्येक विक्रेत्याकडून इम्पेलर, ऑइल सील, शेअर पिन, प्लग आणि कमी पिचचा पंखा या पाच वस्तूंची किंमत आणि त्या नागपुरात किती दिवसांत पोचतील ते कंपनीच्या लेटरहेडवर लिहून घ्या. यामाहाकडूनही घ्या, सुझुकी-होंडाकडूनही घ्या. जो लिहून देणार नाही त्याचं मशीन चिनी असो की जपानी, सभेपुढे ठेवूच नका. फोर-स्ट्रोकवाल्याने आठ दिवसांत माल देतो असं लिहून दिलं, तर माझा मुद्दा सभेत तुम्हीच वाचून दाखवा.