भरतकाम की वाचन : रात्रीचा मोकळा तास कोणाला द्यावा?

शहापूरची भरतकामवाली :
नोकरी आणि घरकाम उरकल्यावर उरणारा तासभर वेळ कसुती या कर्नाटकी भरतकामातच जातो, आणि बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांत हौसेने घेतलेली पुस्तके कपाटात तशीच पडून राहतात. माझे मत असे की हे दोन्ही छंद एका बैठकीत जमत नाहीत. कसुतीत नक्षी छापून घेत नाहीत, कापडाचे उभे-आडवे धागे मोजत टाका घालावा लागतो. त्यातला गवंती टाका तर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसायला हवा आणि गाठ चालत नाही. लक्ष पुस्तकाकडे गेले आणि एक धागा चुकला, की पुढची ओळ उसवावी लागते. म्हणून आठवड्यातले दोन दिवस सुई बाजूला ठेवून वाचनालाच द्यावेत.

खानापूरकर :
ताई, हे पटत नाही. कसुतीचे एक वेळ मान्य, पण क्रोशाची साखळी किंवा सरळ विणीचा मफलर यांना सरावाच्या हातांत डोळेही लागत नाहीत. अशा वेळी फोनवर पुस्तक ऐकता येते. श्रावणात पोथी ऐकत वाती वळणाऱ्या आपल्या आज्यांनी त्यासाठी कधी वेगळी सुट्टी घेतली होती?

टिळकवाडीचा वाचक :
पोथी वाचणारेही कोणीतरी होते, हे आपण सोयीस्करपणे विसरलात. शिवाय आपल्या सीमाभागात हा प्रश्न नुसत्या वेळेचा नाही. पाट्या आणि सरकारी कागद कन्नडमध्ये, बऱ्याच मुलांची शाळा इंग्रजीत. घरात बोलून मराठी टिकते खरी, पण छापील मजकूर डोळ्यांखालून गेला नाही तर अस्खलित बोलणारी मुलेही जोडाक्षरापाशी अडखळतात. माझी भाची ‘वैशिष्ट्यपूर्ण’ हा शब्द तीनदा तोडून वाचते. ऐकण्याने ही उणीव भरून निघणार नाही. मात्र दोन दिवस राखून ठेवण्याचा बेतही पहिल्या लग्नसराईत कोलमडेल, असे मला वाटते. त्यापेक्षा 1848 पासून चालत आलेल्या आपल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हा. स्वतःच्या कपाटातले पुस्तक परत मागायला कोणी येत नाही, वाचनालयाचे मात्र मुदतीत परत करावे लागते.

खानापूरकर :
मुदतीच्या धाकाने वाचायचे, तर तो छंद कसला? मुलांच्या लिपीची काळजी रास्त आहे. पण मग त्यांनाच मोठ्याने वाचायला बसवा आणि ताईंना भरतकाम करू द्या.

शहापूरची भरतकामवाली :
मुले अडखळत वाचणार आणि मी धागे मोजणार? दोन्ही उसवेल. माझे दोन दिवसच बरे.