अनुभव धागा: मन थाऱ्यावर येतं म्हणजे नेमकं काय होतं?

लेंतचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस आहेत, म्हणून विषय काढते. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू ओझ्यानं वाकलेल्या माणसांना जवळ बोलावतो आणि विसावा देईन म्हणतो. हे वचन कॅलेंडरवर असतं, गाडीच्या मागच्या काचेवर असतं. पण सोमवारी सकाळी साहेबाचा फोन वाजत असताना तो विसावा मिळतो कसा, ते कुणी सांगत नाही. साक्ष द्यायची आपल्याकडे ठरलेली चाल आहे: आधी मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता सगळं छान. तसल्या साक्षी इथे नकोत. झोपेचं, रागाचं, जेवणाचं, औषधांचं लिहा. गोव्यात राहणारे, मराठीत लिहिणारे कुणीही चालतील; कॅथलिक, प्रोटेस्टंट, हिंदू. नावं टाळा, म्हणजे भांडणंही टळतील.

माझं थोडक्यात. मी म्हापशाची. तिन्हीसांजेला चर्चमध्ये आमोरीची, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की शेजारची म्हातारी बोलता बोलता थांबते आणि क्रूस करते. तिचं बघून मीही घंटेला हातातलं खाली ठेवू लागले. गॅस बंद, मुलांवरचं ओरडणं अर्ध्यावर. नंतर उरलेलं अर्धं बहुतेक वेळा आठवतच नाही.

रात्रपाळी, मडगाव

माहेर नगर जिल्ह्यातलं, लग्नानंतर इकडे. आयसीयूत रात्रीची ड्यूटी. पेशंट दगावला की घरी पडदे ओढून पडलं तरी मॉनिटर कानात वाजत राहायचा. आपलं काही राहून गेलं का, हा किडा डोक्यातून जायचा नाही.

आमच्या पाळकांनी एकदा एलीयावर उपदेश केला (1 राजे 19). ईजबेल राणीच्या भीतीनं हा एवढा मोठा संदेष्टा रानात पळतो आणि झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, आता मला ने. देव त्याला चार शब्द ऐकवत नाही. दूत येतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो. एलीया खातो, झोपतो, उठून पुन्हा खातो. डोंगरावरचं देवाचं ते प्रसिद्ध बोलणं फार नंतरचं. नर्सिंगमध्ये आम्ही वेगळं काय करतो? आधी पोट, मग झोप, मग बोलणं.

तेव्हापासून ड्यूटीवरून आले की आधी पेज पिते, सोबत खारातली कैरी. मग उशाशी एक छोटी वही असते, तिच्यात बेड नंबर लिहिते. सकाळच्या सिस्टरला देते तसाच हँडओव्हर देवाला देते: चार नंबरचा श्वास जड आहे, सातच्या बाईंचा मुलगा दुबईहून निघालाय, आता तुझी ड्यूटी. 121वं स्तोत्र सांगतं की आपला राखणारा डुलकीसुद्धा घेत नाही. तो जागा आहे, तर मी झोपायला काय हरकत आहे? रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन पुटपुटायला घेते, दुसऱ्या कडव्यापर्यंत क्वचित पोचते.

तारवटी, वास्को

जहाजावर फिटर आहे. वडील गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही भर समुद्रात. पुढच्या बंदरात 'स्टेला मारिस'चे एक पाद्री जहाजावर आले. खलाशांसाठीची ही कॅथलिक सेवा 1920मध्ये ग्लासगोत सुरू झाली, आता जगभरच्या बंदरांत त्यांची माणसं असतात. त्यांनी आधी सिमकार्ड दिलं. आईशी बोललो, पोटभर रडलो. त्यानंतर त्यांनी विचारलं, प्रार्थना करू का?

मी हिंदू घरातला, बाप्तिस्मा घेतलेला नाही, घेईन असंही नाही. पण केबिनमध्ये एक चित्र चिकटवलंय: वादळात होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला येशू. मार्कच्या चौथ्या अध्यायातला. शिष्य घाबरून त्याला उठवतात. जहाज हलत असताना झोपू शकणारा देव इंजिनरूमच्या माणसाला लगेच पटतो.

*(धागाकर्ती: एकीकडे आधी भाकर, दुसरीकडे आधी सिमकार्ड. प्रार्थना दोन्हीकडे नंतर. आमच्या काही उत्साही मंडळींनी याची नोंद घ्यावी.)*

बांबोळी फेरी

मांडवीच्या पुलावर बस अडकली की माझी छाती दाटायची, हात गार पडायचे. बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेत पॅनिक अटॅकचं निदान झालं, गोळ्या चालू झाल्या. लगेच प्रार्थनेच्या गटातल्या एक ताई म्हणाल्या, गोळ्या घेतेस म्हणजे तुझा विश्वास कमी. महिनाभर तेच मनाला खात राहिलं. शेवटी कुंपसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला गेले तेव्हा एका म्हाताऱ्या पाद्रींना विचारलं. ते हसून म्हणाले: बायबलमध्ये पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तिमथ्याला, पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं, नुसता उपास करायला नाही. आणि पौलाचा सोबती लूक वैद्य होता. गोळी घे, जेवताना आभार मानतेस तसे गोळीचेही मान. आता ओपीडीला जायच्या दिवशी आधी बांबोळीच्या फुलांच्या खुरसाकडे (क्रूसाकडे) उतरते, एक माळ वाहते, मग रांगेत उभी राहते. तिथे माळ घेऊन आलेल्यांत निम्म्या बायका कुंकू लावलेल्या असतात.

रात्री-अपरात्री कुणाचा जीव घाबरत असेल तर सरकारचा टेली-मानस 14416 हा नंबर फुकट आहे. माळ सकाळी वाहता येईल.

लिंबूसरबत

दारू सुटली ती अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगमुळे. चॅपेलमागच्या खोलीत होते, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गोड चहा. शेवटी सगळे मिळून जी प्रार्थना म्हणतात ती अख्ख्या उपदेशांपेक्षा कामाची: जे बदलता येत नाही ते सोसायची शांती दे, बदलता येतं त्याला धैर्य दे, आणि दोन्हींतला फरक कळू दे.

पण गोव्यात राहायचं तर मे महिन्यातली लदीन, म्हणजे क्रूसापुढे गाऊन म्हणायची प्रार्थना, चुकत नाही. वाड्यावरचा खुरीस रंगवलेला, मेणबत्त्या, व्हायोलिन, 'ओरा प्रो नोबिस'चा (आमच्यासाठी प्रार्थना कर) सूर. मन खरंच हलकं होतं. आणि ते हलकं झाल्या झाल्या उकडलेल्या चण्यांबरोबर फेणीचा ट्रे फिरतो! पहिल्या वर्षी मी शेवटच्या ओळीला सटकायचो. मग वाड्यावरच्या एका काकींनी न विचारता ट्रेवर लिंबू सरबताचे ग्लास ठेवायला सुरुवात केली. आता ते आधी संपतात, कारण डायबेटिसवालेही तेच मागतात (साखर घालू नका म्हणून भांडतात, ते वेगळं).

मौनवाला

बाग्याला जेझुइट पाद्रींचं रिट्रीट हाऊस आहे. खाली किनाऱ्यावर धांगडधिंगा, वर टेकडीवर माणसं मौनात. तिथे जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस याची रात्रीची उजळणी शिकलो. दिवस मागे वळून बघायचा: कशाबद्दल आभार, कुठे मन उघडं होतं, कुठे आखडलं, कशाची क्षमा मागायची, उद्या काय. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मला त्याहून उपयोगी पडला त्याचा एक नियम: मन उदास असताना आधी केलेला निर्णय बदलू नये. 1521मध्ये पांपलोनाच्या लढाईत पाय मोडून खाटेवर पडलेल्या या शिपायानं स्वतःच्या मनाच्या लहरी तपासत ही रीत शोधली, म्हणून ती पुस्तकी वाटत नाही. नोकरी सोडल्याचा ईमेल माझ्या ड्राफ्टमध्ये अजून आहे. मन बरं असलेल्या दिवशी उघडून बघतो, पाठवावासा वाटत नाही.

नाव नको

मुलगा गेला. मला विसावा मिळालेला नाही. लोक 23वं स्तोत्र पाठवतात, हिरवी कुरणं वगैरे. मी 88वं वाचते. ते काळोखावरच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. ते बायबलमध्ये ठेवलंय एवढ्यासाठीच मी अजून चर्चमध्ये मिसच्या प्रार्थनेला जाते.

*(धागाकर्ती: ताई, यावर मी काही बोलत नाही. कृपया इतरांनीही यांना वचनं पाठवू नयेत.)*

शॅकवरचा कूक, कळंगुट

सीझनमध्ये रविवारी सुट्टी? स्वप्न बघा. पण दहा आज्ञांत विसाव्याची आज्ञा नोकरचाकर आणि गुराढोरांनाही लागू आहे, हे शेठला वाचून दाखवलं. तो कट्टर चर्चवाला, अडकला. मंगळवार मिळाला. फोन बंद, मासे न तळलेले, फक्त वरणभात.

डिचोलीहून

आम्ही लईराई देवीचे भक्त, पण तिची बहीण म्हणून चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला (मारियेला) तेल घेऊन दरवर्षी म्हापशाला जातो. यंदा सासूबाईंच्या आजारपणामुळे मन फार शिणलंय. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) गर्दीत नको, साध्या दिवशी मिसच्या वेळी नुसतं जाऊन बसलं तर चालतं का? कुणी काही म्हणेल?

*(धागाकर्ती: खुशाल बसा. सगळे उभे राहतील तेव्हा राहायचं असेल तर राहा, नाहीतर बसून राहिलात तरी कुणी बघत नाही. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या रांगेत तेवढं जाऊ नका. डावीकडच्या मागून दुसऱ्या बाकावर पंखा चांगला लागतो.)*