‘कोरीव नक्षीचे रांजण’ की ‘फणीनक्षीची भांडी’?

प्रश्न: कोरियातील नवाश्मयुगीन साठवणीच्या भांड्यांविषयीच्या लेखाचे भाषांतर करताना ‘बित्सालमुनी तोगी’ या संज्ञेसाठी मी ‘कोरीव नक्षीचे रांजण’ असे लिहिले आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर: ‘कोरीव’ आणि ‘रांजण’ या दोन्ही शब्दांना माझी हरकत आहे. ‘बित’ म्हणजे फणी, ‘साल’ म्हणजे तिचे दाते, ‘मुनी’ म्हणजे नक्षी आणि ‘तोगी’ म्हणजे मातीचे भाजलेले भांडे. याच भांड्यांच्या, चिनी लिपीतून आलेल्या ‘जुलमुन’ या दुसऱ्या नावाचा अर्थही फणीनक्षी असाच आहे. तेव्हा मराठीत ‘फणीनक्षीचे भांडे’ म्हणावे. (‘कंगवानक्षी’ अर्थाने चालेल, पण कानाला खटकते.)

कोरतात ते लाकूड किंवा दगड, म्हणजे कठीण पदार्थातून काही अंश काढून टाकतात. येथे मातीचे वळे एकावर एक रचून भांडे घडवत, ते ओलसर असतानाच दातेरी किंवा टोकदार साधन दाबून वा ओढून त्यावर रेघा उमटवत आणि मग भाजत. हान नदीच्या 1925 च्या महापुराने उघड्या पडलेल्या, सोलमधील आम्सा-दोंग येथील भांड्यांवर काठाखाली आखूड तिरप्या रेघांच्या ओळी दिसतात, तर पोटावर माशाच्या काट्याप्रमाणे समोरासमोर झुकलेल्या रेघा दिसतात. अशा कामाला ‘रेखांकित’ म्हणता येईल. ‘चित्रित’ मात्र मुळीच नको, कारण महाराष्ट्रातील जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन स्थळाच्या तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगात काढलेल्या नक्षीसाठी आपल्याकडे तो शब्द रूढ आहे.

‘रांजण’ म्हटले की मोठे, जड, एका जागी ठेवलेले भांडे डोळ्यांसमोर येते. आम्सा-दोंगची प्रातिनिधिक भांडी सुमारे 40 सेंटिमीटर उंचीची, निमुळत्या बुडाची, वाळूत रोवून ठेवण्याजोगी आहेत, शिवाय अशी भांडी साठवणीप्रमाणे शिजवण्यासाठीही वापरली जात. किमची (आंबवलेली भाजी) किंवा आंबवलेले सोयाबीन मुरवण्यासाठी पुढे आलेल्या ‘ओंगी’ प्रकारातील मोठ्या झिलईदार भांड्यांना ‘रांजण’ खुशाल म्हणावे.

प्रश्न: मग त्या काळातील सर्वच भांड्यांना ‘फणीनक्षीची’ म्हणावे का?

उत्तर: नाही. कालखंडाला ‘जुलमुन’ म्हणत असले, तरी बुसान शहरातील दोंगसाम-दोंग येथील जुन्या थरांतील काही भांड्यांवर मातीच्या पट्ट्या चिकटवून उठाव आणलेला आहे. त्यांना ‘उठावनक्षीची’ म्हणावे. इ.स.पू. सुमारे 1500 नंतरच्या ‘मुमुन’ भांड्यांसाठी ‘साधी’ हा शब्द संदिग्ध ठरतो, म्हणून ‘नक्षीविरहित’ असेच लिहावे.